एक चित्रपट, दोन साक्षीदार : हरवलेल्या नावाच्या शोधाचा प्रकरण अभ्यास

प्रकरण माझ्याकडे आले तेव्हा त्यात चित्रपट एक होता, साक्षीदार दोन होते आणि त्यांच्यातला वाद जवळपास चाळीस वर्षे जुना होता. साक्षीदार म्हणजे थोरला भाऊ आणि त्याच्याहून चार वर्षांनी लहान असलेली बहीण. लहानपणी घरच्या टीव्हीवर दोघांनी मिळून एक अद्भुत चित्रपट पाहिला होता आणि त्याचे नाव दोघांनाही आठवत नव्हते. शिंगे असलेला अवाढव्य राक्षस राजकन्येला उचलून नेतो, एक साधा तरुण तिला सोडवायला निघतो आणि एका बाटलीत बोलणारा बुटका राहतो, इथवर दोघांचे एकमत होते. त्यापुढे गाडे अडत होते. चित्रपटात एकही गाणे नव्हते, असे भाऊ छातीठोकपणे सांगे. त्यातली माणसे सारखी गात होती, असे बहीण तितक्याच ठामपणे सांगे. "दादाला तेव्हाही राक्षसाशिवाय काही दिसत नव्हतं," असे तिचे म्हणणे. "हिला कुठल्याही चित्रपटात गाणी आठवतात," असे त्याचे.

अशा शोधात सर्वसाधारण वहिवाट अशी आहे की ज्यावर एकमत आहे तेवढेच तपशील घ्यायचे, वादाचे बाजूला ठेवायचे आणि शोध सुरू करायचा. मीही तेच केले आणि त्यापायी जवळपास दोन महिने वाया घालवले. प्रकरण शेवटी सुटले ते बाजूला ठेवलेल्या याच वादामुळे, आणि ते कसे हे नोंदवणे हा या लेखनाचा हेतू आहे.

जबानी

दोघांनाही मी वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांशी न बोलता, आठवते तेवढे कागदावर लिहून द्यायला सांगितले. कागदावर तीन रकाने होते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले एका रकान्यात, नंतर कोणाकडून ऐकलेले दुसऱ्यात आणि "असे असणारच" म्हणून तर्काने जुळवलेले तिसऱ्यात. मी एकही प्रश्न विचारला नाही. राक्षसाचा रंग कोणता होता, एवढ्या साध्या प्रश्नातसुद्धा राक्षसाला रंग होता ही सूचना असते, आणि समोरच्याचे मन ती सूचना मुकाट्याने उचलते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. मोटारींच्या अपघाताची चित्रफीत पाहिलेल्या लोकांपैकी काहींना गाड्या एकमेकींवर "आदळल्या" तेव्हा वेग किती होता असे विचारले, तर काहींना त्या "धडकल्या" तेव्हा किती होता असे काहीसे सौम्य क्रियापद वापरून विचारले. आठवड्याने सर्वांना विचारण्यात आले की फुटलेली काच दिसली होती का. चित्रफितीत काच फुटलेली नव्हतीच. तरीही तीव्र क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना ती आठवली, सौम्य क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना, आणि वेगाबद्दल काहीच न विचारलेल्या ५० पैकी ६ जणांना. एका शब्दाने आठवड्याभरात एवढे होत असेल, तर चाळीस वर्षे एकमेकांना तीच गोष्ट सांगत आलेल्या भावाबहिणींच्या आठवणींचे काय झाले असेल, याचा अंदाज बांधता येतो.

भावाचा कागद आखीव होता. पहिल्या रकान्यात त्याने लिहिले होते : एका पेटीतून लहानशी बाहुली निघते आणि नाचते. रात्री ती वाढत वाढत राक्षस होते. राक्षस थरथरत चालतो, "कोणीतरी त्याला मागून धक्के देत असल्यासारखा". समुद्रात दोन डोक्यांचा राक्षस एका विचित्र जलचराशी झुंजतो. बाटलीतला बुटका यमकात बोलतो. त्या वयात इंग्रजी संवाद अर्धेमुर्धेच कळत असल्यामुळे, शब्दांचा अर्थ लागला नाही तरी प्रत्येक ओळीचा शेवट मागच्या ओळीसारखा वाजतो, हे मात्र त्याच्या कानाने टिपले होते. ही नोंद मला फार मोलाची वाटली, कारण न कळलेल्या भाषेतले यमक कोणी तर्काने जुळवून लिहीत नाही. कागदाच्या शेवटी, जरा संकोचाने, एक ओळ होती : "होडीत एक माकड आणि एक कुत्रा. हे दुसऱ्या कुठल्या चित्रपटातले असेल."

बहिणीचा कागद विस्कळीत होता आणि म्हणूनच अधिक उपयोगी ठरला. राजकन्येचे डोळे पिवळे होतात आणि ती दुष्ट होते. आरशात तिचे रूप वेगळेच दिसते. माकड पाहून आपल्याला रडू आले होते, कारण ते "खरे तर माकड नव्हते". आणि गाणी : "लोक बोलता बोलता मध्येच गायला लागतात, पण गाताना त्यांचे ओठ शब्दांशी जुळत नाहीत, आणि हात तेच तेच पुन्हा करतात, पुढे जातात आणि मागे येतात." या वाक्याखाली तिने स्वतःच लिहिले होते की हे बहुधा स्वप्नातले असावे. तिसऱ्या रकान्यात एकच वाक्य होते : हा चित्रपट आपण दादाच्या मांडीवर बसून, घरच्या टीव्हीवर पाहिला. ते तिने तर्काच्या रकान्यात का लिहिले, हे मी तेव्हा विचारायला हवे होते. विचारले नाही.

काळाची चौकट

नाव हाती नसले तरी काळ बांधता येतो, आणि तो बांधायला "थरथरत चालणारा राक्षस" हा तपशील पुरेसा होता. लहान मुलाने केलेले ते स्टॉप-मोशन तंत्राचे अचूक वर्णन आहे. या तंत्रात सांधे हलवता येणारा छोटा पुतळा कणभर हलवायचा, एक चित्र घ्यायचे, पुन्हा कणभर हलवायचा, पुन्हा एक चित्र घ्यायचे, आणि अशी २४ चित्रे झाली की पडद्यावरचा एक सेकंद तयार होतो. खरा माणूस चालतो तेव्हा प्रत्येक चित्रात त्याचा हलणारा हात किंचित पुसट उमटतो आणि त्या पुसटपणामुळेच हालचाल आपल्याला सलग वाटते. पुतळा मात्र प्रत्येक चित्राच्या वेळी स्थिर असल्यामुळे काठाकाठाने स्पष्ट उमटतो, आणि डोळ्याला ती चाल सुटीसुटी, धक्के खाणारी दिसते. १९८१च्या सुमारास पुतळा चित्र घेतानाच यंत्राने हलता ठेवण्याची युक्ती निघाली आणि हा धक्का बराच कमी झाला. १९९३ नंतर मोठ्या चित्रपटांत असे प्राणी संगणकावरच बनू लागले. त्यामुळे आमचा चित्रपट १९८१च्या आधीचा असण्याची शक्यता जास्त होती. स्टॉप-मोशन राक्षस असलेले त्या काळातले रंगीत अद्भुतपट मोजके आहेत. ते काम अतिशय चिवट आणि वेळखाऊ होते. रे हॅरीहाउसेन या या कलेतल्या थोर कारागिराला १९६३च्या "जेसन अँड द आर्गोनॉट्स"मधली सांगाड्यांची काही मिनिटांची झुंज चित्रित करायला साडेचार महिने लागले होते.

याच टप्प्यावर असा चित्रपट मुळात नव्हताच, ही शक्यताही मी कागदावर मांडून ठेवली. तसे घडते. नव्वदच्या दशकात सिंदबाद हे नाव घेतलेल्या एका अमेरिकी विनोदी नटाने जिनची भूमिका केलेला एक चित्रपट पाहिल्याचे हजारो लोक शपथेवर सांगतात, आणि असा चित्रपट कधी निघालाच नाही. निघाला होता तो १९९६चा "कझाम", आणि त्यात जिन झाला होता बास्केटबॉलपटू शकील ओनील. पण आमच्या प्रकरणात यमकात बोलणारा बुटका दोन्ही कागदांवर होता आणि माकडही दोन्ही कागदांवर होते. माकडाविषयी तर दोघे एकमेकांशी कधी बोललेलेच नव्हते, कारण भावाला ते दुसऱ्या चित्रपटातले वाटत होते आणि बहिणीला त्याची लाज वाटत होती. दोघांनी स्वतंत्रपणे जपलेला इतका विक्षिप्त तपशील शून्यातून येत नाही. ही शक्यता मी त्याच दिवशी खोडली.

चुकलेल्या वाटा

शिंगे असलेला राक्षस, राजकन्या, दुष्ट जादूगार आणि स्टॉप-मोशन एवढ्या खुणा एकत्र आल्या की कोणाच्याही तोंडी पहिले नाव येईल ते १९५८च्या "द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद"चे. हॅरीहाउसेनचा तो पहिला पूर्ण लांबीचा रंगीत अद्भुतपट, आणि त्यातला बकऱ्याच्या पायांचा, शिंगवाला सायक्लोप्स नावाचा राक्षस प्रसिद्ध आहे. मी त्यातली दोन छायाचित्रे भावाला पाठवली. ही या प्रकरणातली माझी सर्वांत मोठी चूक. एकाच उमेदवाराचे चित्र दाखवून "हाच का?" असे विचारू नये, हे पोलिसांच्या ओळखपरेडीपुरतेच खरे आहे असे मला बहुधा वाटत असावे. भावाचे उत्तर दहा मिनिटांत आले : "हाच! शंभर टक्के. तो जादूगारही हाच, नायकही हाच."

मग तो चित्रपट आम्ही तिघांनी एकत्र पाहिला. पहिली वीस मिनिटे भाऊ उत्साहाने बोलत होता. अर्ध्यावर तो गप्प झाला. शेवटाकडे त्याने स्वतःहून सांगितले की ही गोष्ट आपल्याला मुळीच आठवत नाही. बाटली नव्हती, दिवा होता, आणि दिव्यात बुटका नव्हता, एक मुलगा होता. दोन डोकी राक्षसाला नव्हती, एका प्रचंड पक्ष्याला होती. माकड नव्हते, कुत्रा नव्हता. आणि राक्षसाला एकच डोळा होता. या शेवटच्या मुद्द्यावर मी बराच वेळ घुटमळलो. एकाक्ष राक्षस पाहिलेले मूल मोठेपणी त्याचे वर्णन "शिंगवाला राक्षस" असे करणार नाही. ते आधी डोळ्याबद्दल सांगेल. वर्णनात जे सर्वांत ठळक असायला हवे तेच नसेल, तर तो चित्रपट तो नव्हे, हे कागद वाचतानाच माझ्या लक्षात यायला हवे होते.

या चुकीचा चटका आणखी एका ठिकाणी बसला. आठवड्यानंतर भाऊ बोलता बोलता म्हणाला, "आणि ती सांगाड्याशी तलवारबाजी, ती तर मी लहानपणी खेळून दाखवायचो." त्याच्या मूळ कागदावर सांगाडा कुठेही नव्हता. सांगाड्याचे द्वंद्व आम्ही नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटात होते आणि ते आठवड्याच्या आत चाळीस वर्षे मागे जाऊन बसले होते. त्यानंतर मी मूळ कागदांच्या प्रती काढून बाजूला ठेवल्या आणि पुढच्या कोणत्याही ताळ्यासाठी त्यांच्यावर असलेलेच ग्राह्य धरायचे ठरवले.

दुसरी वाट बहिणीच्या बाजूने गेली. बाटली आणि गाणी म्हटल्यावर १९४०चा "द थीफ ऑफ बगदाद" समोर आला. त्यात गाणी आहेत आणि बाटलीही आहे, पण बाटलीतून निघतो तो डोंगराएवढा जिन, आणि दोघांच्याही आठवणीतला बुटका बाटलीतच राहत होता. पाच मिनिटांत ही वाट बंद झाली. गाण्यांमुळे मला ती पाच मिनिटेही घ्यावीशी वाटली, हे खरे.

कलाटणी

येथे दीड-दोन आठवडे काहीच घडले नाही. राक्षस, राजकन्या, जादूगार, बाटली या शब्दांनी कथासारांच्या साठ्यात शोधले की एकतर काहीच येत नाही किंवा अर्धे जग येते, कारण अद्भुतपटाचे कथानक शब्दांत मांडले की सगळे अद्भुतपट सारखेच दिसतात.

वाट सापडली ती भावाच्या चुकीच्या ओळखीतून. तो चित्रपटाबद्दल चुकला होता, हे निश्चित होते. पण चित्रपट पाहून झाल्यावरही त्याने एक गोष्ट मागे घेतली नव्हती : "माणसं तीच आहेत." मी हे ऐकून घेतले होते आणि सोडून दिले होते. माणूस कथानक विसरतो, क्रम विसरतो, दोन प्रसंग एकमेकांत मिसळतो, पण चेहरा ओळखण्याची त्याची क्षमता त्यामानाने चिवट असते. भावाचे हे विधान जसेच्या तसे खरे मानले तर प्रश्न बदलत होता. सिंदबाद झालेला नट आणि जादूगार झालेला नट, हे दोघे पुन्हा एकत्र कोणत्या चित्रपटात आहेत?

सिंदबाद झाला होता कर्विन मॅथ्यूज. त्याच्या नावावर १९६०चा "द थ्री वर्ल्ड्स ऑफ गलिव्हर" आहे. त्यात लहान माणसे आहेत, पण तो जादूगार नाही. जादूगार झाला होता टॉरिन थॅचर. दोघांच्या श्रेयनामावल्या शेजारी शेजारी ठेवल्यावर दोन मिनिटांत एक नाव वर आले : "जॅक द जायंट किलर", १९६२. दिग्दर्शकही तोच, नेथन जुरान.

हे नाव पूर्वी माझ्या यादीत येऊन गेले होते आणि मी ते खोडले होते. कारण लिहिले होते, "घेवड्याचा वेल नाही." जॅक आणि राक्षस म्हटले की आभाळापर्यंत वाढणारा वेल हवाच, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात इंग्लंडच्या लोककथांत जॅक दोन आहेत. वेलावर चढणारा एक, आणि कॉर्नवॉल भागातला, आर्थर राजाच्या काळात राक्षसांमागून राक्षस मारत सुटलेला दुसरा. चित्रपट या दुसऱ्या जॅकच्या नावावर आहे आणि कॉर्मोरान हे त्यातल्या राक्षसाचे नावही त्याच लोककथेतून आलेले आहे. सुतावरून स्वर्ग गाठतात तसा मी नावावरून कथेपर्यंत गेलो होतो, आणि वाटेत खरा चित्रपट मागे टाकला होता.

चेहरे तेच का, याला इतिहास आहे. हॅरीहाउसेनने सिंदबादची कल्पना आधी एडवर्ड स्मॉल या निर्मात्याला दाखवली होती आणि त्याने ती नाकारली होती. दुसऱ्याने काढलेला तो चित्रपट तुफान चालल्यावर स्मॉलने तोच दिग्दर्शक, तोच नायक आणि तोच खलनायक गोळा करून आपला चित्रपट काढला. हॅरीहाउसेन तेवढा त्यात नव्हता. राक्षसांना चालवण्याचे काम तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या जिम डॅनफर्थने आणि इतरांनी केले. शिंगे आणि बकऱ्याचे पाय असलेला राक्षस तिथेही होता. भावाची चूक त्यामुळे फारशी चूकही म्हणता येत नाही. हे दोन चित्रपट सारखे दिसावेत, अशीच व्यवस्था करण्यात आली होती.

ताळा

या वेळी मी कोणालाही चित्र पाठवले नाही, नावही सांगितले नाही. मूळ कागदांवरच्या पहिल्या रकान्यातल्या नोंदी एका खाली एक उतरवून घेतल्या आणि चित्रपट आधी एकट्याने पाहिला.

सुरुवातीलाच वेषांतर केलेला जादूगार राजकन्येला वाढदिवसाची भेट म्हणून एक पेटी देतो. पेटीतून इवलासा शिंगवाला प्राणी बाहेर येतो आणि नाचू लागतो. रात्री तो वाढतो, राजकन्येला उचलतो आणि निघतो. शेतावर काम करणारा जॅक त्याला मारतो. पुढे जहाजावर रात्री चेटकिणींचा हल्ला होतो. बाटलीत कोंडलेला बुटका यमकातच बोलतो, पहिल्या वाक्यापासून. दोन डोक्यांचा राक्षस समुद्रातल्या अनेक भुजांच्या प्राण्याशी झुंजतो. राजकन्या जादूने दुष्ट होते, तिचे डोळे बदलतात आणि आरशात तिचे चेटकिणीचे रूप दिसते. आणि जादूगार जॅकच्या दोन सोबत्यांना, कप्तानाच्या लहान मुलाला आणि एका दर्यावर्द्याला, माकड आणि कुत्रा करून टाकतो. "ते खरे तर माकड नव्हते," असे पाच-सहा वर्षांच्या मुलीने म्हटले होते ते शब्दशः बरोबर होते. तो तिच्याएवढाच एक मुलगा होता.

एवढे जुळल्यावर प्रकरण मिटले, असे मी भावाला कळवले. त्याने चित्रपट पाहिला आणि त्याच रात्री कळवले की हाच तो, आणि "गाणं एकही नाही, तिला सांगा". बहिणीनेही पाहिला. हाच, असे तीही म्हणाली. थोडे थांबून म्हणाली, "पण हा तो नाही."

गाणी

शिरस्त्याप्रमाणे इथे बहिणीच्या गाण्यांवर स्मृतिभ्रमाचा शिक्का मारून फाइल बंद करता आली असती. बाकीचे सगळे जुळत असताना एकच गोष्ट जुळत नसेल तर ती आठवणीतली भेसळ, हा सोपा निष्कर्ष आहे आणि पुष्कळदा तो बरोबरही असतो. फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञांनी १९३२च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले आहे की अपरिचित गोष्ट पुन्हा सांगताना माणसे ती आपल्या परिचयाच्या साच्यात बसवत जातात. गाण्यांच्या चित्रपटांवर वाढलेल्या मुलीने बिनगाण्यांच्या चित्रपटात गाणी घालावीत, हे या नियमात चपखल बसते. भावाने चाळीस वर्षे हेच स्पष्टीकरण दिले होते, बार्टलेट न वाचता.

पण साच्यात बसवलेली आठवण गुळगुळीत असते. आठवणीने घातलेली गाणी असती तर ती गाण्यांसारखी गाणी असती. ओठ न जुळणारी, हात पुढेमागे करणारी माणसे कोण कशाला रचेल? हे वर्णन परिचित साच्याच्या विरुद्ध जाणारे होते, आणि म्हणून ते पाहिलेले असण्याची शक्यता मला जास्त वाटली. दुसरे असे की तिचा कागद पुन्हा वाचताना "पिवळे डोळे" या शब्दांवर मी थबकलो. घरचा टीव्ही कोणत्या प्रकारचा होता, हे मी कधी विचारलेच नव्हते. आता दोघांना विचारले. भाऊ दहावीला जाईपर्यंत घरी कृष्णधवल संच होता. कृष्णधवल संचावर डोळे पिवळे होत नाहीत. दोन महिने तो शब्द माझ्या समोर कागदावर पडून होता.

मग बहिणीला एकच मोकळा प्रश्न विचारला : लहानपणी तुम्ही कोणकोणत्या घरांतल्या टीव्हीसमोर बसत होता? तिसरे नाव आत्याचे आले. आत्याकडे रंगीत संच होता. आत्याकडे ती एक अख्खी सुट्टी राहिली होती, भाऊ सोबत नव्हता, आणि तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती.

उरलेले काम चित्रपटाच्या इतिहासाचे होते. मूळ प्रदर्शनानंतर काही वर्षांनी, १९७०च्या दशकात, निर्मात्याने हाच चित्रपट संगीतिका म्हणून पुन्हा बाजारात आणला. नवे चित्रीकरण न करता जुन्याच दृश्यांवर गाणी डब करण्यात आली. नटांनी मुळात गाणी म्हटलेलीच नसल्यामुळे त्यांचे ओठ गाण्यांना पुरावेत म्हणून चित्रांचे तुकडे पुढे-मागे फिरवण्यात आले. चित्रपटांच्या इतिहासातला हा एक विचित्र उद्योग आहे आणि त्याचे कौतुक करणारे फारसे कोणी भेटत नाहीत. ती आवृत्ती मिळवून मी बहिणीला दाखवली. पहिले गाणे सुरू झाले. पडद्यावरच्या माणसाचा हात वर गेला, खाली आला, आणि अगदी त्याच वाटेने पुन्हा वर गेला. तिने काहीच म्हटले नाही. रिमोट हातात घेऊन तिने तो प्रसंग मागे नेला आणि पुन्हा पाहिला, मग तिसऱ्यांदा पाहिला, आणि भावाला फोन लावला.

काय ठरले, काय उरले

दोघांनी एकच चित्रपट पाहिला होता, पण एकत्र पाहिला नव्हता. भावाने घरच्या कृष्णधवल संचावर मूळ आवृत्ती पाहिली. त्या वेळी बहीण पाच वर्षांची होती आणि बहुधा त्याच खोलीत होती. चित्रपट तिला भावाच्या तोंडून पुढे कित्येकदा ऐकायला मिळाला. तीन-चार वर्षांनी आत्याच्या घरी तिने संगीतिकेची आवृत्ती रंगीत पाहिली, आणि दादाने सांगितलेली गोष्ट ती हीच, हे ओळखल्यामुळे दोन्ही प्रसंग तिच्या मनात एक झाले. मांडीवर बसल्याचे वाक्य तिने तर्काच्या रकान्यात लिहिले होते, ते योग्यच ठिकाणी होते. लिहिताना तिला ते कळत होते का, असे मी नंतर विचारले. तिने सांगितले की ते वाक्य पहिल्या रकान्यात लिहायला हात धजला नाही, एवढेच.

भावाला हा निष्कर्ष पूर्ण मान्य नाही. गाण्यांचे तो मान्य करतो, रंगांचेही करतो, पण ती मांडीवर नव्हती हे मानायला तयार नाही. ती तिथे असल्याचा पुरावा म्हणून तो सांगतो की बाहुली वाढू लागली तेव्हा तिने त्याचे मनगट इतके घट्ट धरले होते की नखे रुतली. त्याच्या मूळ कागदावर ही नोंद नाही. सांगाड्याचा अनुभव घेतल्यावर ठरवलेल्या नियमाप्रमाणे मी ती ग्राह्य धरलेली नाही, आणि तसे त्याला सांगितले आहे.

बहिणीच्या कागदावरची एक नोंद मात्र दोन्ही आवृत्त्या पाहूनही जुळलेली नाही. पहिल्याच रकान्यात, पेन्सिलीने, तिने लिहिले आहे : "विहिरीत खाली उतरणारा जिना, आणि खालून वर येणारा उजेड." "जॅक"मध्ये असा जिना नाही. सिंदबादमध्ये नाही, बगदादमध्ये नाही. भावाला तो आठवत नाही आणि आत्याकडे त्या सुट्टीत आणखी काय पाहिले हे बहिणीला सांगता येत नाही. ती नोंद मी मुख्य प्रकरणातून काढून वेगळ्या कागदावर घेतली आहे. त्या कागदावर सध्या तारीख, तिचे ते एक वाक्य आणि तीन रिकामे रकाने आहेत.